इंजिनाला लावलेला फोन

प्रिय मामा,

तू मला भटकभवानी म्हणतोस, पण या खेपेला मी तुझ्या तळ्याकाठच्या धक्क्यावरून हललेले नाही. लेकीकडे राहायला जाताना तू म्हणालास ना, "रविवारपर्यंत मोटरबोट सुरू झाली तर तुझी, नाहीतर भंगारात!"

मी मोबाइलवर ढीगभर व्हिडिओ पाहिले. एकातही आपलं इंजिन नव्हतं. मधेच मांजरांचे व्हिडिओ लागले आणि दुपार गेली. मग आठवलं, घरात इंटरनेट नव्हतं तेव्हा इंजिन रुसलं की तू फोनची लांबलचक वायर ओढत धक्क्यापर्यंत यायचास आणि रिसीव्हर इंजिनापाशी धरायचास. पलीकडच्या तळ्यावरचा तुझा दोस्त नुसतं ऐकून ओरडायचा, "गाढवा, पेट्रोलमध्ये पाणी गेलंय!" मग तासभर तुमच्या गप्पा. मामी म्हणायची, "त्या इंजिनाशीच लग्न लावायचं होतंत!"

आज मीही मोबाइल खिशात टाकला, इंजिनाची दोरी ओढली आणि डोळे मिटून ऐकलं. अगदी तोच, पाणी गेल्याचा खोकला! टाकी रिकामी केली, ताजं पेट्रोल भरलं, पुन्हा दोरी ओढली. मामा, बोट अशी सुटली की बदकं शिव्या देत उडाली आणि माझी टोपी तळ्यात गेली.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तू म्हणशील, "थापा मारतेय कार्टी." त्यापेक्षा फोनच लावते. मी काही बोलणार नाही, फोन इंजिनापाशी धरेन. तू नुसतं ऐक.

तुझी,
भटकभवानी (आता बोटवाली)