कानातला कापूस

नाना, मी सध्या उताणं पडायला शिकते आहे. सत्तेचाळीस वर्षांची बाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते, दिवसभर पोरांना "सरळ बसा" म्हणून ओरडते, आणि संध्याकाळी घोडेगावात एका कापडदुकानाच्या माडीवर जाऊन सतरंजीवर पडून राहायची शिकवणी घेते. दुसरं कुणी असतं तर पोट धरून हसलं असतं. तुम्ही हसला नसतात, आणि तेच मला टोचतं. तुम्ही फक्त विचारलं असतंत, "जमतंय का गं?"

जमत नाही, नाना. म्हणून तर लिहायला बसले.

सुरुवात खांद्यापासून झाली. उजवा हात वर जाईना. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागाला माझा हात पुरेना, म्हणून मी कमरेच्या उंचीवर लिहायला लागले, आणि मागच्या बाकावरची पोरं मान वाकडी करून बघायला लागली. त्यातच गेल्या वर्षी आई गेली. ती गेल्यापासून छातीत धडधड सुरू झाली. शाळेची घंटा झाली तरी दचकायला व्हायचं. मंचरला डॉक्टरांना दाखवलं. सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत आहे, रक्तदाब थोडा जास्त आहे, खांदा आखडलाय, असं निघालं. त्यांनी रक्तदाबाची गोळी दिली आणि सांगितलं, "मॅडम, गोळीच्या जोडीला योगोपचार करा. खांद्यालाही बरं वाटेल आणि जिवालाही." जिवाला, हा शब्द डॉक्टरच्या तोंडी मला नवीन होता.

योगोपचार शिकवणारी बाई त्या कापडदुकानवाल्यांची सून आहे. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण चार पिढ्या इथं काढल्यामुळे तिचं मराठी माझ्याहून चोख. पहिल्या दिवशी तिनं आसन वगैरे काहीच शिकवलं नाही, तासभर नुसती विचारत बसली. झोप किती लागते, राग कधी येतो, जेवताना बोलता का. आणि बजावलं, "डॉक्टरांची गोळी आपण बंद करायची नाही. मी डॉक्टर नाही, मी तुमच्या सोबतीला आहे." मग भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायला लावला, रोज एखादं बोट जास्त. श्वास आत घेताना चार मोजायचे, सोडताना सहा. तीन महिन्यांनी एका सकाळी मी फळ्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिली आणि खडू हातात धरून वेड्यासारखी तिथंच उभी राहिले. पोरांना वाटलं बाई तारीख विसरल्या.

सगळं करते मी, नाना. शेवटचं तेवढं करत नाही. शेवटी सगळ्या बायका शवासनात पडल्या की मी हळूच उठते, चपला घालते आणि म्हणते, कुकर लावायचा राहिलाय. महिनाभर तिनं ऐकून घेतलं. मग एक दिवस जिन्यात गाठलं. "मॅडम, तुमचा कुकर नेमका शवासनालाच कसा काय ओ लागतो?" बायका हसल्या. मीही हसले, आणि घरी येऊन खुर्चीत बसून रडले. कारण शवासन हा शब्द मी पहिल्यांदा कुठं ऐकला ते तिला ठाऊक नव्हतं, आणि मला तर त्या शब्दाचा एक एक कोपरा ठाऊक आहे.

तुम्ही जुन्नर ते घाटघर एसटीची गाडी चालवायचात. तेव्हा तो रस्ता कसा होता हे आजच्या पोरांना सांगून कळणार नाही. गिअर बदलताना तुमचा अख्खा डावा खांदा पुढं जायचा, आणि घरी आलात की कंबर धरून ओट्यावर टेकायचात. आणि मग एका पावसाळी संध्याकाळी घाटघरहून खाली येताना, चावंडच्या पुढच्या वळणावर, समोरून येणारी मोटारसायकल घसरली आणि तुमच्या चाकाखाली आली. पोरगा जागीच गेला. चौकशी झाली, तुमचा दोष नाही म्हणून कागद मिळाला. आईनं तो कागद देवाच्या फोटोमागं ठेवला. पण तुमचा हात भाकरी मोडतानाही थरथरायला लागला. तुम्ही रजा टाकलीत, कंबर दुखते असं लिहून. कंबर दुखत होतीच म्हणा. पण कंबरेचं सांगता येतं, दुसऱ्याचं सांगता येत नाही.

जुन्नरच्या एका म्हाताऱ्या वैद्यांनी तुम्हाला सांभाळलं. त्यांनी तुम्हाला पोटावर पडून छाती उचलायला शिकवलं, दिव्याच्या ज्योतीकडे बघायला शिकवलं, आणि शेवटी शवासन. ते म्हणाले होते, पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेक अवयव सैल सोडत यायचं. तुम्ही ते तुमच्या पद्धतीनं लावून घेतलंत. मला आठवतं, एका सोमवारी शाळेला सुट्टी होती, मी बघत बसले होते, तर तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "बाय, ये की. गाडी सुटतीय. तिकीट काढलं का?" मी खिदळत तुमच्या शेजारी पडले. अंगठे म्हणजे घाटघर. तिथनं गाडी निघाली. गुडघ्याला एक थांबा, तिथं दूधवाल्या बाया उतरल्या. कमरेला चावंड. "हितं जरा जास्त थांबू, हितं लई वझं उतरायचंय." मी विचारलं, पुढं? पुढं छाती होती. तुम्ही म्हणालात, "छातीत ते वळान हाय, बाय. तिथं गाडी बंद पडती. घशात आपटाळं आणि डोक्यात जुन्नर, पर तिथवर अजून गेलो न्हाई." आणि उठून बसलात. मला त्यातलं काही कळलं नाही. मला खेळ आवडला होता, एवढंच.

आता तो दिवस. मी दहावीला होते. निमगाव सावाच्या आपल्या घरात पुढची खोली अरुंद, त्यामुळं तुम्हाला पडायला जागा एकाच बाजूनं होती आणि पाय नेमके दक्षिणेला यायचे. माश्या बसतात म्हणून तुम्ही पांढरं धोतर छातीपर्यंत ओढून घेतलेलं. ज्योतीकडे बघून झाल्यावर निरांजन तसंच उशाशी तेवत राहिलेलं. आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज नको म्हणून दोन्ही कानांत कापसाचे बोळे. आता सांगा, नाना, आपल्या गावात हे बघून कुणाला काय वाटेल? शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. दारातनं बघितलं आणि हातातली वाटी टाकून बोंब मारली, "आरं धावा रं! डायव्हर गेलं रं!"

मी शाळेतनं आले तेव्हा दारात पन्नास माणसं. आई कांद्याच्या वावरात होती, तिला बोलवायला कुणीतरी गेलेलं. घरधनीण आल्याबिगर हात कोण लावणार, म्हणून सगळे उंबऱ्याबाहेर उभे. कुणी म्हणत होतं, "सकाळी तर चांगलं व्हतं की राव." दुसरा म्हणाला, "त्या पोराचंच घेतलं मनाला." एकजण तर बांबू आणि मडकं आणायला सायकलवर टांग टाकून निघालाही होता. मला बघून लोकांनी वाट करून दिली. ती वाट मी अजून विसरलेले नाही. मी आत धावले, तुमच्या अंगावर पडले, ओरडले, काय काय केलं त्याची शुद्ध नव्हती. आणि तुम्ही डोळे उघडलेत. वर्षभरात बघितला नव्हता असा तुमचा चेहरा होता, धुतल्यासारखा, हलका. म्हणालात, "काय गं, सुटली शाळा?"

मग जे व्हायचं ते झालं. आधी एक किंकाळी, मग हसू. पन्नास माणसं हसत होती. काकू डोळ्यांतलं पाणी पुसत पुसत हसत होत्या. कुणीतरी सायकलवाल्याला परत आणायला पळालं, त्याचं वेगळंच हसू. आई चिखलाच्या पायांनी धावत आली आणि तुम्हाला बसलेलं बघून मटकन खाली बसली. गाव ते वर्षभर चघळत राहिलं. शाळेत माझं नाव पडलं, मेलेल्या डायव्हरची पोरगी. पण ते नंतर. त्याच संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी, स्वयंपाकघरात, आई चूल पेटवत होती, तुम्ही पाटावर बसून चहा पीत होतात, आणि मी दाराशी उभी राहून म्हणाले, "नाना, खरंच मेला असतात तर बरं झालं असतं. निदान लोक हसले नसते."

आईनं फुंकणी माझ्याकडे फेकली, ती लागली नाही. तुम्ही चहा संपवलात, कपबशी विसळलीत, बाहेर गेलात. दुसऱ्या दिवशी सतरंजी अंथरली नाहीत, त्यानंतरही कधी नाही. वैद्यांकडं जाणं बंद. हात थरथरतच राहिला. गाडी तुम्ही परत चालवली नाहीत, कार्यशाळेत टायरांपाशी बसायचं हलकं काम मागून घेतलंत, आणि तिथनंच निवृत्त झालात. मी नोकरीला लागले, माझं लग्न झालं, तुम्ही गेलात त्यालाही आता एकोणीस वर्षं होतील. त्या वाक्याबद्दल आपल्यात एक शब्द झाला नाही. मी स्वतःची समजूत घालून ठेवली होती, की तुमच्या कानात कापूस होता, तुम्ही ऐकलंच नाही. त्या कापसावर मी बत्तीस वर्षं काढली, नाना.

आईनं ती समजूत अर्धी मोडली. जायच्या आधी काही दिवस ती लसूण सोलत बसली होती आणि विषय नसताना म्हणाली, "त्या दिशी सकाळी म्हनले व्हते, गाडी पार वळणापातुर येती आता. आज काढतो बघ म्हनले, पल्याड." मी विचारलं, मग काढली का? आई म्हणाली, "कुनाला ठावं? तू काय विचारू दिलंस का?" तिनं हे रागानं म्हटलं नाही. लसणीचं साल फुंकून टाकावं तसं म्हटलं आणि पुढची पाकळी घेतली. तेव्हापासून मला तो चेहरा दिसतो, धुतलेला. मला वाटतं तुम्ही वळण ओलांडलं होतंत. छातीतनं गाडी काढून आपटाळ्याला आला होतात कदाचित, आणि मी तुम्हाला हाताला धरून परत त्या वळणावर नेऊन बसवलं. मला याची लाज वाटते, नाना. सरळच लिहिते. पोरीला लाज वाटली म्हणून बापानं बरं व्हायचं सोडलं.

हे सगळं मी कापडदुकानाच्या माडीवर सांगून टाकलं. ठरवून नाही. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी दिवा होता, कानात कापूस होता, आणि तिच्याकडे मला बघवलं नव्हतं, एवढंच सांगायला गेले आणि मागचं सगळं बाहेर आलं. शिकवणाऱ्या बाईंनी सांत्वन केलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्यांनी एवढंच विचारलं, "वडिलांचे थांबे आठवतात का सगळे?" मी म्हटलं, हो. "मग माझे सांगत नाही. त्यांचेच घ्या. डोळे उघडे ठेवून केलंत तरी चालेल, आणि नको वाटलं त्या क्षणी उठायचं, कुणाला विचारायचं नाही." मी दार लावून घ्यायला सांगितलं. दारातनं कुणी बघेल ही भीती या वयातही आहे. त्यांनी कडी घातली. मी पडले. घाटघरहून निघाले. गुडघ्याला बाया उतरल्या. चावंडला थांबले, जास्त वेळ. तिथं वझं उतरतं म्हणजे काय होतं ते मला या वयात कळलं, कंबर खरंच जमिनीला टेकते. खालून नव्या कापडाचा वास येत होता, कात्रीचा आवाज येत होता. छातीशी आले आणि गाडी बंद पडली. मी उठले नाही, तेवढीच प्रगती. डोळ्यांतनं पाणी कानांत जात राहिलं.

आता आठवड्यातनं तीनदा जाते. धडधड कमी आहे, डॉक्टरांनी गोळी अर्धी केली, झोप लागते. माझ्या वर्गातल्या पोरांनाही दुपारी पाच मिनिटं आडवं करते. कुणी हसलं तर हसू देते, पण पडलेल्या पोराला कुणी नाव ठेवलं तर मात्र माझ्यासारखी वाईट बाई नाही. वळण अजून ओलांडलेलं नाही. दर वेळी तिथंच अडकते, आणि का अडकते ते मला परवा कळलं. बाई म्हणाल्या होत्या, तिथं जे दिसेल ते बघा, ढकलू नका. परवा बघितलं.

हा कागद कुठं पाठवायचा नाहीच, त्यामुळं लिहून टाकते. तुमच्या कानात कापूस नव्हता, नाना. दुपारी अंगावर पडले तेव्हा मीच तो ओढून काढला होता, दोन्ही कानांतला, माझी हाक तुम्हाला ऐकू यावी म्हणून. संध्याकाळी दारात उभी राहून मी ते बोलले, तेव्हा तो माझ्या मुठीत होता.