साकीनाक्याचा गाळा आणि त्यातल्या होड्या

मी, श्रीमती पद्मजा विद्याधर कारखानीस, वय ७४, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, सध्याचा व्यवसाय होड्या बांधणे, राहणार मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. बहात्तरनंतर त्याच चुकल्या.

१. मुलुंडची राहती जागा व बँकेतील ठेवी माझा मुलगा मिहिर याला द्याव्यात. बाल्कनीच्या फरशीवरचा काळा डाग घासत बसू नये. निघत नाही.

२. डागाची हकिकत अशी. निवृत्तीनंतर मला शिकवण्या घ्यायच्या नव्हत्या, म्हणून मी प्लायवूडच्या पट्ट्या तारेने शिवून कनू, म्हणजे वल्हवायची अरुंद होडी, करायला घेतली. सांधे रेझिनने भरतात आणि ते घट्ट करणाऱ्या रसायनासोबत थोडे थोडे कालवायचे असते. उष्णता बाहेर टाकणाऱ्या अभिक्रिया तीस वर्षे शिकवून मी ते श्रीखंडाच्या मोठ्या डब्यात एकदम कालवले. डबा धुमसला आणि वितळला. सोसायटीचे सचिव बादली घेऊन आले. यजमान म्हणाले, "पद्मजा, प्रॅक्टिकलला शून्य." आता ते नाहीत. पहिल्या होडीचे वल्हे त्यांनी तासले होते. ते मिहिरने ठेवावे, माळ्यावर टाकू नये.

३. ती होडी गोराईच्या खाडीत घातली, तेव्हा एका रिसॉर्टवाल्याने विचारले, "मॅडम, अशा दोन मिळतील?" मी हो म्हणाले आणि छंद संपला. ठेव मोडून साकीनाक्याला गाळा घेतला. सुतारकामाला सुलक्षणा दत्ताराम घाडी आली. वडिलांच्या हाताखाली शिकलेली. माझ्यापेक्षा हात चांगला, तोंडही.

४. आमच्याकडे पद्धत आहे : नवी होडी गिऱ्हाइकाला देण्याआधी बांधणारीने एकटीने तिच्यात बसून खाडीत जायचे. अठराव्या होडीच्या वेळी सुलक्षणा म्हणाली, "बाई, सांधा अजून चिकट लागतोय. दोन दिवस थांबा ना." मी म्हटले, "तारीख दिली आहे." बसायची पाळी माझी होती, गुडघ्याचे कारण सांगून मी तिला बसवले. मध्यावर सांधा उघडला. ती कमरेएवढ्या चिखलातून होडी ओढत आली. काठावर गिऱ्हाईक उभे होते. त्याला मी सांगितले, "सांधा हिने भरलाय." सांधा मी भरला होता. या गोष्टीला सहा वर्षे झाली. तिने विषय काढला नाही, मीही नाही. आता लेखी कबूल करते.

५. मिहिर म्हणतो, "आई, गाळा विकून टाक. तुझा टाइमपास आहे तो." तो टाइमपास तीन घरे चालवतो. गाळा, हत्यारे, साचे व हातातली कामे सुलक्षणाला द्यावीत. अटी दोन : बसायची पद्धत मोडू नये, <s>आणि पाटीवरचे "पद्मजा होड्या" हे नाव कधीही बदलू नये</s>. तिने नकार दिल्यास गाळा मिहिरचा. मग तो विकेलच.

६. शेजारच्या गाळ्यातल्या मार्तंडने नेलेले फळ्या आवळायचे चार क्लॅम्प अजून आलेले नाहीत. त्याला काहीही देऊ नये.

७. काल हा मसुदा सुलक्षणाला वाचून दाखवला. तिने रंधा थांबवला नाही. म्हणाली, "बसायची अट मंजूर. पाटीची नाही."

मी विचारले, "का गं?"

"होडी फुटली तेव्हा नाव माझं सांगितलंत, बाई. पाटीवर तेवढं तुमचं?"

मी मसुदा तिच्याच फळीवर ठेवला आणि दुसरी अट खोडली. तेथे माझी लहान सही आहे. गाळा तिने स्वीकारला आहे. पाटी तिने हवी तशी रंगवावी.

स्थळ : मुलुंड, मुंबई
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

(सही) पद्मजा विद्याधर कारखानीस

आमच्या डोळ्यांदेखत बाईंनी सही केली. त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष आम्हीही केली.

साक्षीदार :
१. (सही) डॉ. मधुवंती देवव्रत प्रधान, मुलुंड पूर्व
२. (सही) अंबादास यज्ञेश्वर राणे, सोसायटीचे सचिव