मशिनवर हात उगारू नये

बाळकूम, ठाणे
ता. १४ नोव्हेंबर १९९१

श्री. भिवादाजी आणि चि. सौ. तुळसा यांस,
चंदूचा रामराम आणि आशीर्वाद, ज्याचा जो त्याने घ्यावा. वि. वि.

टेम्पोवाला काल येऊन सांगून गेला की मशीन ठाकुर्लीला ओटीवर धड पोचलं. जीव भांड्यात पडला. दाजी, लोक दिवाळसणाला घड्याळ मागतात, अंगठी मागतात. तुम्ही मागितलंत ते कपाटाएवढं व्हिडिओ गेमचं मशीन! आईने तर कपाळाला हात लावला. पण कल्याणचा एक पार्लर बंद पडला आणि त्याची सगळी मशिनं आमच्या वागळे इस्टेटच्या वर्कशॉपात दुरुस्तीला आली, त्यातलं सगळ्यात चांगलं मी शेठकडून मागून घेतलं. एकुलत्या बहिणीचा पहिला दिवाळसण, हात आखडून कसं चालेल?

आता ते जपायचं कसं, ते ऐका. भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, मागून गरम वाफ निघते. खाली फळी टाका, सारवलेल्या जमिनीची ओल चढते. तुमच्याकडची लाईट सारखी कमीजास्त होते, म्हणून मधे स्टॅबिलायझर हवाच. नाणं टाकायची कटकट मी काढलीय, लाल बटण दाबलं की खेळ सुरू. मागचं दार मात्र उघडू नका, पिन काढलेली असली तरी आत करंट साठून राहतो. शिवाय पिक्चर ट्यूबची मान तिथे मागे असते, बोटाएवढी बारीक काच. तिला टिचकी लागली तर फुस्सकन हवा आत शिरते आणि ट्यूब मेली. मग ब्रह्मदेव आला तरी उठत नाही.

आणि दाजी, हा खेळ मारामारीचा, माणूस पेटतो. पार्लरमधली पोरं हरली की मशिनलाच बुक्क्या घालायची. तुम्ही तसं करू नका. कितीही डोकं फिरलं तरी मशिनवर हात उगारू नये, एवढं मेव्हण्याचं ऐका.

तुळसा, दाजी खेळताना जेवायचं विसरतील, तर कान धरून पानावर बसव. आईचा तुम्हा दोघांना आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
चंदू

—

ठाकुर्ली
ता. २ जानेवारी १९९२

श्री. रा. रा. मेव्हणे चंदूशेठ यांस,
भिवाचा कडक रामराम. वि. वि.

मशीन म्हणजे एक नंबर! अख्ख्या आळीत आपली वट वाढलीय. शेतजमीन विकल्यावर आमच्या गावात कोणी जीप घेतली, कोणी माडी बांधली, पण असली चीज कोणाच्या ओटीवर नाय. रोज संध्याकाळी दहा-पंधरा जण उभे असतात. त्या लाल चड्डीवाल्याला मी असा धरतो, गुडघ्याने पोटात, मग कोपराने मानेवर, मग पडला की छातीवर उडी! रक्त उडतं पडद्यावर. हात शिवशिवतात बघा.

परवा आमच्या आळीतला रतन मला सलग हरवून गेला आणि वर दात काढून हसला. त्याचे ते दात आता गटारात आहेत. थोडा राडा झाला, पंच बसले, मिटलं. त्या झटापटीत मशिनचं हँडल तेवढं मोडलं, नवीन पाठवून द्या. बाकी तुमचा शब्द मी पाळतो, मशिनला बोट लावत नाय.

तुमची बहीण माझ्या मागे उभी राहिली की मी हरतो. पांढऱ्या पायाची आहे काय, विचारा आईला! मस्करी करतो हां. लोभ आहे तो चढता ठेवा.

तुमचा,
भिवा

ता. क. दादा, मी बरी आहे. हे तुझं सगळं ऐकतात. हरले तरी मशिनला हात लावत नाहीत. आईला सांग, संक्रांतीला जमणार नाही. — तुळसा

—

बाळकूम, ठाणे
ता. २० जानेवारी १९९२

चि. सौ. तुळसा हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

अगं, दोन ओळींचं ता. क. लिहायला शाई संपली होती का? लहानपणी तर तुझ्या तोंडाला कुलूप घालावं लागायचं. पण दाजी मशिनवर हात उगारत नाहीत हे वाचून फार बरं वाटलं. मी वर्कशॉपात सगळ्यांना सांगितलं की आमच्या जावयाला वस्तूची किंमत कळते.

हँडल पाठवतोय. बसवताना स्क्रू फार आवळू नका. आई म्हणते, संक्रांतीला लेक आली नाही, निदान शिमग्याला तरी पाठवा. दाजींच्या हरण्याबद्दल तू मनाला लावून घेऊ नकोस, खेळातलं बोलणं ते. मशिनची खबरबात कळवत जा.

तुझा,
दादा

—

ठाकुर्ली
ता. ९ ऑक्टोबर १९९२

ती. दादास,
तुळसाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे पत्र शेजारची शालू टाकणार आहे. घरातून जाणारं पत्र हे वाचून मगच पाकिटात घालतात, म्हणून आजवर दोन ओळी लिहीत आले. आज सगळं लिहिते. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, अक्षर वाकडं येईल.

दादा, तू लिहिलंस की मशिनवर हात उगारू नये. त्यांनी तुझं तंतोतंत ऐकलं. आधी हरले की मशिनला बुक्की मारायचे. तुझं पत्र आलं त्या दिवशी हरले, हात वर उचलला, मशिनकडे बघितलं, मग माझ्याकडे. तेव्हापासून तो हात माझ्यावर उतरतो. आत ट्यूब आहे म्हणून ते जपतात, माझ्या आत काय आहे ते कोणी त्यांना लिहिलं नाही.

पडद्यावर जे जमत नाही ते माझ्यावर करून बघतात. गुडघा पोटात, कोपर मानेवर. पावसाळ्यात मला तिसरा महिना होता. ते मूल राहिलं नाही. आईला तू सांगू नकोस, मीच सांगेन. आणि लोक ओटीवर उभे असतात रे! ते मला आत नेतात, दार लोटतात, आणि बाहेर कोणीतरी पुढचा डाव सुरू करतं, म्हणजे आवाज त्यात जातो.

गणपतीत तू आलेलास तेव्हा माझा ओठ फाटलेला. मी म्हटलं, न्हाणीत पडले. तू म्हणालास, जपून गं. आणि मशिनचं मागचं दार उघडून बसलास, मला बॅटरी धरून उभं केलंस, आणि ट्यूबची मान दाखवून म्हणालास की ही सगळ्यात नाजूक. मला तेव्हा तुझा इतका राग आलेला की बॅटरी तुझ्या डोक्यात घालावीशी वाटली. आज लिहून टाकलं, आता राग नाही. भीती आहे.

या दसऱ्याला मशिनची पूजा केली. हळदकुंकू मीच वाहिलं, झेंडूची माळ मीच घातली, सुजलेल्या हाताने आरती मीच ओवाळली. आरती झाल्यावर हे खेळायला बसले आणि हरले. बोटं त्या दिवशीची.

दादा, भाऊबीजेला ये. मला साडी नको, काही नको. ताटात काही टाकू नकोस. ओवाळून झालं की मला उठवून घेऊन जा. पुढच्या दिवाळीपर्यंत मी जगेन असं मला वाटत नाही.

तुझ्या मायेची वाट बघणारी,
तुळसा

—

ठाकुर्ली
ता. ४ नोव्हेंबर १९९२

चंदूस,
रामराम नाही. वि. वि.

भाऊबीजेला माणसं ओवाळून घ्यायला येतात. तुम्ही माझ्या ओटीवर चढलात, आणि ज्या पाटावर तुम्हाला बसवायचं तोच पाट उचलून माझ्या तोंडावर हाणलात. दोनदा. वरचे दात गेले, नाकाचं हाड मोडलं, जेवण गिळवत नाय. रतन उभा राहून टाळ्या वाजवत होता. आळीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाय तुम्ही.

आणि कशापायी? मशीन सकाळपासून बंद पडलेलं. बटण दाबतो तर नुसता आवाज, पडदा काळा. सणासुदीच्या दिवशी लाईटने घात केला, कोणाचंही डोकं फिरेल. त्यात ही समोर उभी राहून माझ्याकडे बघत होती, खाली मान घालायची सोडून. हातात स्टूल आलं, ते घातलं. घरातल्या बाईला दोन फटके कोण देत नाय? मशिनला मी अजूनही हात लावलेला नाय, हे ध्यानात घ्या.

मिटवायचं असेल तर आठ दिवसांत नवी पिक्चर ट्यूब आणि तुळसा, दोन्ही पाठवून द्या. नायतर आम्ही चौघे भाऊ कोयते घेऊन बाळकूमला येतो. मागच्या वेळी मी एकटा होतो म्हणून तुम्ही जिवंत गेलात.

भिवा

—

बाळकूम, ठाणे
ता. १० नोव्हेंबर १९९२

श्री. भिवा यांस,
तुळसाचा नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र दादाला आलं, पण उत्तर मी देते. डाव्या हाताने लिहितेय, कारण उजवा खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. स्टुलाचा घाव हातावर घेतला नसता तर डोक्यात बसला असता, असं डॉक्टर म्हणाले. तसा कागद त्यांनी लिहून दिलाय, आणि तो पोलीस चौकीत आमच्या हातून पोचलाय. कोयते घेऊन यायचं असेल तर या. बाळकूममध्ये घराघरात कोयता आहे, आणि दादा आता एकटा नाही.

दादा दवाखान्यात माझ्या खाटेजवळ खाली बसून रडला. म्हणाला, मी हातातल्या वस्तूला जपायला शिकवलं आणि बहिणीला विसरलो. मी त्याला डाव्या हाताने ओवाळलं. भाऊबीज आमची तिथे झाली.

आता मशिनचं. लाईटने घात केला नाही. भाऊबीजेच्या सकाळी तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी पिन काढली, मागचं दार उघडलं आणि लाटण्याने ट्यूबच्या मानेवर टिचकी मारली. फुस्स झालं, अगदी दादाने सांगितलेलं तसं. मग दार लावलं, पिन परत लावली, आणि ओवाळणीचं ताट करायला घेतलं. दादा येईल की नाही ते मला ठाऊक नव्हतं. तुम्ही मारणार हे पक्कं ठाऊक होतं. वर्षभर तुम्ही हरलात म्हणून मार खाल्ला, एकदा तरी माझ्या करणीचा खायचा होता. म्हणून मान खाली घातली नाही.

दादा म्हणतो, अशी ट्यूब तो पुन्हा आणणार नाही, आणि आणली तरी तुमच्या दारात नेणार नाही. मशीन ठेवा तुमच्याकडे. आता त्यावर खुशाल हात उगारा, आतलं मेलंय, काही बिघडणार नाही. मी मेलेली नाही, म्हणून मी येणार नाही.

लोभ नसावा, ही विनंती.

तुळसा