कोरड्या तांदळाची परीक्षा

पुणे, ता. ९ फेब्रुवारी १९३९

ती. नानांच्या पायांवर सुकलालचा माथा.

तब्येत ठीक आहे, जेवण वेळेवर मिळते, मायला सांगा. कोरीटची दादर ज्वारी काढणीला आली का?

एका विक्षिप्त गुप्तहेराच्या विनोदी कादंबरीचा बोलपट मी लिहितो आहे. चोर पकडण्याचा प्रसंग रंगेना, म्हणून त्यात तुमची रीत घातली: संशयितांनी तांदूळ चावून थुंकायचे, ज्याचे कोरडे निघतील तो चोर. बोलपट कंपनीचे मालक पोट धरून हसले.

काल शेवटच्या प्रसंगाचे कागद नाहीसे झाले. मालकांनी गमतीने आम्हा सगळ्यांना तांदूळ चावायला लावले. नाना, माझेच कोरडे निघाले. कागदांना मी हातही लावला नव्हता, नुसता घाबरलो होतो. कागद मिळेपर्यंत कामावर येऊ नको, म्हणाले. मिळतील, काळजी नसावी.

पण कालपासून आपल्या घरी कामाला असलेली दगूबाई सारखी आठवते. मायची गळ्यातली पोत हरवली तेव्हा तिचे तांदूळ कोरडे निघाले आणि तुम्ही तिला कामावरून काढले. “मी चोर नही शे, नाना,” एवढेच ती म्हणत राहिली.

ती हल्ली कुठे असते? मायला पत्र वाचून दाखवताना हे गाळू नका.

तुमचा
सुकलाल