भेंडीचा काढणी समारंभ

२० जानेवारी
लोह्याहून परत. सभागृह जिंकलं. विषय होता 'बाजाराची गुलामगिरी'. शेवटच्या दहा मिनिटांत आवाज आपोआप चढला आणि मी जाहीर करून टाकलं: एक मार्चपासून मृग निघेपर्यंत आमच्या घरात बाजारची भाजी येणार नाही. गच्चीवर पिकेल ते खाऊ, उरेल ते वाळवून बरणीत भरू. टाळ्या थांबेनात. आयोजकांनी तिथेच ठरवलं, आठ जूनला मुखेडला याच विषयावर बोलायचं आणि माझ्या बरण्या स्टेजवर मांडायच्या.
घरी आल्यावर बायकोला, चंद्रप्रभाला सांगितलं. तिने विचारलं, आपल्या गच्चीवर काय पिकतं? सध्या काही नाही. पण तो तपशील झाला.

२६ जानेवारी
शेतीवरची अकरा पुस्तकं वाचून संपवली. आज झेंडावंदन करून लागवड. चाळीस कुंड्या. भेंडी, दुधी, गवार, मिरची. माती चंद्रप्रभाने भरली, बी तिनेच टोचलं. माझी कंबर. मी खुर्चीत बसून तिला मानवी संस्कृतीतलं बियाण्याचं स्थान समजावून सांगितलं. उरलेलं बी तिने फुटक्या बादल्यांत आणि तेलाच्या डब्यांत लावलं. ते सगळं पाण्याच्या टाकीमागे ठेवायला लावलं. लोक बघायला येतील. क्रांतीला बादली शोभत नाही.

९ फेब्रुवारी
रोपं उभी राहिली. रोज सकाळी त्यांच्यासमोर वीस मिनिटं बोलतो. फरक स्पष्ट दिसतो. चंद्रप्रभाचं म्हणणं, ती रोज पाणी घालते त्याचाही थोडा फरक असेल. असेल.
शेजारचे शंकरप्पा, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर, मूळचे देगलूरकडचे, भिंतीवरून म्हणाले, सर, झाडं भैरी हायत, आमी न्हाई. विरोधक प्रत्येक चळवळीला असतातच.

१ मार्च
वचन लागू. दुपारी पिठलं.

२ मार्च
पिठलं.

४ मार्च. सकाळी ७
पहिली भेंडी! बोटाएवढी, कोवळी, लवदार. चंद्रप्रभा कात्री घेऊन वर येतच होती. हात धरून थांबवलं. इतकी मोठी घटना अशी गाऊनवर उरकायची? रीतसर काढणी समारंभ होईल. प्रमुख पाहुणे, प्रास्ताविक, आभार. अमृतराव, म्हणजे निवृत्त कृषी अधिकारी, त्यांना फोन केला. सोळा तारीख मिळाली. चंद्रप्रभा म्हणाली, अहो, भेंडी दोन दिवसांत जून होते, ती काय तुमच्या सोळा तारखेला थांबणार आहे? म्हटलं, इतिहास घाईत घडत नसतो.
ती म्हणाली, मग जेवण तरी घाईत घडवते. पिठलं टाकू का?

११ मार्च
पत्रिका छापून आल्या. गच्चीवर मांडव घातला. त्यामुळे चंद्रप्रभाला वाळवणाला जागा उरली नाही. ती टाकीमागच्या डब्यांतलं काहीबाही रोज तोडते आणि शंकरप्पांच्या गच्चीवर जुनी साडी अंथरून वाळत घालते. विचारलं तर म्हणाली, टाकीमागच्यांना पाहुणे लागत नाहीत. म्हटलं, मग ते ताटात वाढ की. म्हणाली, थोडंच आहे, बरणीला ठेवते, बरण्यांचं वचन कुणी दिलंय ते विसरलात का?
विसरलो नाही. पण फुटक्या बादलीतल्या भाजीला वैचारिक अधिष्ठान नसतं.

१५ मार्च
अमृतरावांचा फोन. उदगीरला सोयऱ्यांचं लग्न. नवी तारीख तीस. भेंडी आता हातभर. प्रगती समाधानकारक.

१८ मार्च
दुपारी शंकरप्पांकडे सहज गेलो. नेमकं जेवणाचं ताट पुढे आलं. भरली वांगी. तीन खाल्ली. वचनभंग नाही. 'आमच्या घरात' हे शब्द मी लोह्याला फार विचारपूर्वक वापरले होते. शंकरप्पांच्या मिसेस म्हणाल्या, सर, रोज या की. उद्याही जाईन. शेजारधर्म.

२८ मार्च
तीस तारखेला पाडवा आहे हे अमृतरावांच्या आणि माझ्या आज लक्षात आलं. समारंभ तेरा एप्रिलला. चंद्रप्रभाने भेंडीकडे बघून हात जोडले आणि खाली गेली.

१३ एप्रिल
समारंभ पार पडला. भव्य. उपस्थिती तेवीस, त्यात मांडववाले चार. ऊन बेचाळीस अंशांचं. मी प्रास्ताविकात पन्नास मिनिटं घेतली, लोक जागचे हलले नाहीत. (जिन्याच्या दारात माझीच खुर्ची होती.)
मग अमृतरावांनी फीत बांधलेली कात्री भेंडीला लावली. भेंडी कापेना. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा कात्रीचा स्क्रू उडाला. शंकरप्पा मोठ्याने म्हणाले, सर, ही भेंडी न्हाई, दांडकं हाय, करवत आणू का? दुधीला विळी लावली तर विळीच मागे सरकली. शंकरप्पांनी दुधीवर टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाले, याला तार लावा, भजनाला लई चांगला चालंल.
अमृतराव भाषणात म्हणाले की बियाण्यासाठी इतका पक्व माल त्यांनी सबंध नोकरीत पाहिला नव्हता. तज्ज्ञाचं प्रमाणपत्र! डोळे भरून आले. घामानेही असेल.

१५ एप्रिल
आता साठवण. चंद्रप्रभाला या वेळी लांब ठेवलं. भेंडी शंकरप्पांच्या करवतीने तोडून मसाला, मीठ, तेल घालून तीन बरण्या भरल्या. बरण्या धुऊन लगेच वापरल्या. ती दारातून ओरडली, अहो, आधी पुसा, उन्हात ठेवा, पाण्याचा थेंब राहिला की माल गेला. म्हटलं, साठवणीत मुख्य गोष्ट संकल्प. थेंब दुय्यम.

२ मे
बरण्यांत वर पांढरा थर. मीठ वर आलं असावं. पुस्तकात असं कुठे दिलेलं नाही, म्हणजे हे नवीन आहे.

९ मे
मिठाला केस आले.

२० मे. दुपारी ३
एका बरणीचं झाकण उडालं. छताला हिरवट डाग. शंकरप्पा सिलिंडर फुटला समजून बनियनवरच धावत आले. वास घेतला आणि दाराबाहेर उभे राहून म्हणाले, सिलिंडर परवडला. चंद्रप्रभाने उरलेल्या दोन बरण्या चादरीत गुंडाळून मागच्या नाल्यापर्यंत नेल्या. मला झाकणं धरायला लावली.

७ जून
उद्या मुखेड. हातात एकही बरणी नाही. पत्रिकेत छापलं आहे: 'स्वतःच्या बरण्यांसह'. न जावं, तर साडेतीनशे व्याख्यानांची कमाई गेली. ताप आल्याचं कळवावं का? थर्मामीटर लावलं. ते सहकार्य करत नाही.
सायंकाळी चंद्रप्रभाने स्वयंपाकघरातून सहा बरण्या आणून टेबलावर मांडल्या. वाळवलेली गवार, भेंडीच्या चकत्या, सांडगी मिरची. कोरड्या, खुळखुळ वाजणाऱ्या. म्हणाली, न्या. लोकांत तुमचं हसं झालेलं मला चालणार नाही. घरात मी हसते ते वेगळं.
स्वीकारल्या. गच्ची माझी, कल्पना माझी. तोडणं आणि वाळवणं ही केवळ अंमलबजावणी.

८ जून
मुखेड. चंद्रप्रभाला पहिल्या रांगेत बसवलं, तिलाही प्रेरणा मिळावी म्हणून. सव्वा तास बोललो. बरणी उंचावून म्हणालो, या माझ्या स्वातंत्र्याच्या बरण्या! टाळ्या.
मग प्रश्नोत्तरं. नागुबाई नावाच्या एक आजी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, सायब, ग्वाड बोललाव. आता येवढंच सांगा, भेंडी तोडायची कवा?
चाळीस वर्षांत व्यासपीठावर कधी अडलो नाही. म्हणालो, हा प्रश्न मुळात काळाविषयीच्या आपल्या आकलनाचा आहे. आजी म्हणाल्या, हाव, पर कवा?
पाणी प्यायलो. पुन्हा प्यायलो.
तेव्हा चंद्रप्रभा जागेवरूनच म्हणाली, बोटाएवढी झाली की लगेच, सकाळच्या प्रहरी, दिवसाआड. आणि पाहुण्यांची वाट बघायची नाही.
हशा छताला लागला. मीही हसलो. उशिरा. त्यानंतर बायांनी तिच्याभोवती असा गराडा घातला की बरण्या, माइक आणि माझी खुर्ची, तिन्ही तिकडे गेली. आभार मी उभ्यानेच ऐकले. त्यात माझं नाव आलं. 'बाईंचे यजमान' असं.

१२ जून
मुखेडहून फोन. मानपत्राबद्दल असेल म्हणून आवाज लावून घेतला. पुढच्या जानेवारीत बायांसाठी दोन दिवसांचं शिबिर आहे, भाजी लावणं आणि वाळवणं. शिकवणार चंद्रप्रभा. फोन तिला दिला. तिने तारीख लगेच देऊन टाकली. मला वक्त्यांचा परिचय करून द्यायचा आहे. मी अर्धा तास मागितला. तिकडून नाही, इकडूनच उत्तर आलं: दोन मिनिटं.
आत्ताच लिहायला बसलो. नाव लिहिलं. पुढे शिक्षण लिहावं लागतं. छत्तीस वर्षांचा संसार, पण हे कधी विषयात आलं नाही. विचारायला गच्चीवर गेलो.
ती म्हणाली, सांगते. आधी ही बादली धरा.