लाकूड नसलेलं टेबल

हल,
९ फेब्रुवारी १९९७

प्रिय नॉर्मा,
स. न. वि. वि.

तुझं नाताळचं कार्ड जानेवारीच्या वीस तारखेला पोचलं. त्यावरच्या मेंढ्या छान आहेत. तू लिहितेस की तुझा डावा कानही आता पार गेला आणि फोनवर तू नुसती हो-हो करत असतेस. मला संशय होताच. मागे मी गुडघ्याचं दुखणं सांगत होते तेव्हा तू माझं अभिनंदन केलं होतंस. तेव्हा यापुढे पत्रंच बरी.

बातमी अशी की आपलं 'पेलिकन' इतिहासजमा झालं. चाळीस वर्षांपूर्वीच्या कॉफी बारांचं प्रदर्शन जूनमध्ये वाचनालयात भरणार आहे. ज्युडिथ नावाची एक मुलगी त्यासाठी घरी आली होती. माझी चार बिस्किटं खाऊन म्हणाली की तेव्हाच्या तरुण मुलींपैकी एक म्हणून मी दोन पानं लिहून द्यावीत. 'तेव्हाच्या' हा शब्द तिने फार जपून उच्चारला.

एक पान लिहून झालं आहे. मिस्टर कट्सफर्थ लढाईत इटलीत कैदेत होते, तिथून हाडं आणि कॉफीचं वेड एवढंच घेऊन परत आले, आणि बापाच्या छत्र्यांच्या दुकानात त्यांनी ते वाफेचं यंत्र बसवलं, हे लिहिलं. दुकानाच्या दोन्ही बाजूंची घरं बॉम्बने गेलेली, मधे ते एकटंच उभं, तेही लिहिलं. आई म्हणायची की कॉफीवर फेस म्हणजे कप नीट विसळलेला नाही. प्रत्येक टेबलावर जुन्या जहाजी सामानातलं वाळूचं घड्याळ असायचं, अर्ध्या तासाचं. एका कपावर तेवढंच बसायचं. वाळू संपली की मिस्टर कट्सफर्थ फडकं घेऊन येत आणि स्वच्छ टेबल पुसत उभे राहत. त्यांची पाठ वळली की तू घड्याळ आडवं करायचीस. त्यांना ते ठाऊक होतं असं मला आता वाटतं.

मासेमारीच्या बोटींवरची मुलं मात्र घड्याळाला हात लावत नसत. तीन आठवडे समुद्रावर, तीन दिवस जमिनीवर. त्या तीन दिवसांत निळे सूट घालून यायची आणि सगळ्या टेबलाला पुन्हा कॉफी सांगायची. खिडकीशी डेरेक ब्लेंकिन, त्याच्या शेजारी तू, आणि समोर मी, कारण तुला एकटीला सोडायचं नाही म्हणून आईने मला मागे लावलेलं. इथपर्यंत लिहून मी थांबले आहे.

आता विचारते. प्रदर्शनाला येशील? अडतीस वर्षांत तू एकदाही आली नाहीस. आई गेली तेव्हाही नाही. मी कधी बोलून दाखवलं नाही. माझ्या कार्डात लिहिलं नव्हतं ते आता लिहिते: डेरेकची आई, आयव्ही, नोव्हेंबरमध्ये वारली. तुला पाहून दार लावून घेणारं आपल्या हेसल रोडवर आता कोणी उरलेलं नाही. माझी फार इच्छा आहे की तू यावंस.

लोभ आहे तसा राहू दे, वाढवायला आता या वयात जागा कुठे आहे.

तुझी,
हेझल

डनीडिन,
२३ फेब्रुवारी १९९७

चि. हेझल हिस,
त्रेपन्न वर्षांच्या बाळाला अनेक आशीर्वाद.

तुझं पान वाचून करमणूक झाली. वाचनालयाला खोटं लिहून देऊ नकोस. डेरेकचा सूट निळा नव्हता, फिकट जांभळा होता. शिंप्याने कापड चुकवलं होतं, आणि हा शहाणा म्हणे की हीच खरी लंडनची फॅशन आहे. महिनाभरात आणखी दोघांनी तसलाच शिवून घेतला. घड्याळ मी आडवं करत नव्हते, उलटं करत होते. आडवं केलं तर वाळू थांबते आणि लगेच पकडले जातो, एवढी अक्कल मला होती.

इकडे टोमॅटो अमाप झाले आहेत. माझा नवरा जेफ्री बोट विकायची म्हणतो आणि मी उत्तर देत नाही. बहिऱ्या कानाचा हा एक फायदा.

येण्याचं म्हणशील तर नाही. आयव्ही गेल्याचं वाईट वाटलं, पण मी तिच्या भीतीने येत नव्हते असं तुला वाटत असेल तर ते चूक आहे. ती बाई मला भर गल्लीत, सगळ्या बायका दारात उभ्या असताना काय म्हणाली ते तुलाही पाठ असेल. "तू धुऊन काढलंस माझ्या पोराला." मी तिला कधीच दोष दिला नाही. माणूस समुद्रावर निघतो त्या दिवशी त्याचं कापड पाण्यात घालायचं नाही, नाहीतर लाट त्याला धुऊन नेते, हे आपल्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. गुरुवारी त्याची बोट सुटली आणि त्याच दुपारी आपल्या दोरीवर त्याचा पांढरा स्कार्फ वाळत होता, कोपऱ्यात तिनेच भरलेली अक्षरं. अठरा दिवसांनी आइसलंडच्या वरच्या अंगाला तो डेकवरून गेला. तिने आणखी काय समजायचं होतं? आणि डेरेक फिरायचा माझ्याबरोबर, तेव्हा धुणारी मीच.

मी तेव्हा बोलले नाही आणि मे महिन्यात बोटीने इथे जगाच्या दुसऱ्या टोकाला निघून आले. आता त्यावर बोलून काय करायचं आहे? दोन पानांत तू यातलं काही घालू नकोस. घड्याळाबद्दल लिही.

माया आहे, ती एवढ्या लांबून जेवढी धरून ठेवता येते तेवढी ठेव.

तुझी,
नॉर्मा

हल,
११ मार्च १९९७

प्रिय नॉर्मा,
नमस्कार.

टोमॅटोबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.

स्कार्फ मी धुतला होता, हे तुला ठाऊक आहे. घरात आपण तिघीच होतो, आई धुणार नाही आणि तू कामावर. तू माझं नाव घेतलं नाहीस आणि मीही पुढे झाले नाही. पण तुला बहुधा वाटत असेल की पंधरा वर्षांची पोर, विसरली असेल, वार चुकला असेल. ते तसं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आदल्या संध्याकाळी पेलिकनमध्ये माझ्या हातून डेरेकच्या स्कार्फवर कॉफी सांडली. तू म्हणालीस की उद्या बोट आहे, तेव्हा आता तो तसाच राहू दे, उद्या आपल्या घरात साधा रुमालही भिजणार नाही. आणि तू नाणं टाकून गाणं लावायच्या यंत्राकडे गेलीस. मी मोठ्याने हसले. मी म्हटलं की असलं सगळं आयांसाठी असतं, आपण काय चहा पिणाऱ्या बायका आहोत का, आपण कॉफी पिणारी माणसं. तुला आठवतं, त्या वर्षी आपल्याला हे वाक्य फार आवडायचं. डेरेकही हसला. त्याने गळ्यातला स्कार्फ काढून माझ्या पुढ्यात टाकला आणि म्हणाला, "मग धू उद्याच. तीन आठवड्यांनी इस्त्री करून दे."

इथवरचं सांगून मी कदाचित सुटले असते, त्यानेच सांगितलं असं म्हणून. पण हसता हसता त्याचा हात टेबलाखाली गेला. तो लाकूड शोधत होता, नॉर्मा, वाईट टळावं म्हणून हात लावायला. मिस्टर कट्सफर्थच्या त्या नव्या टेबलांना वर प्लॅस्टिक आणि खाली लोखंडी नळ्या, लाकूड कुठेच नव्हतं. त्याने कडेपासून कडेपर्यंत चाचपलं आणि मग हात गुडघ्यावर ठेवला. मी ते पाहिलं. तो घाबरला आहे हे मला कळलं, आणि तो घाबरला हे मला गमतीचं वाटलं. तो मला नेहमी बाळ म्हणायचा.

गुरुवारी सकाळी तू कामावर गेलीस, आई बाजारात. मी दाराला कडी घातली आणि स्कार्फ दोन पाण्यांतून काढला. डाग पूर्ण गेला नाही.

आयव्ही तुझ्यावर ओरडत होती तेव्हा मी वरच्या खिडकीच्या पडद्यामागे होते. एक जिना उतरायचा होता. मी उतरले नाही, आणि नंतर अडतीस वर्षं उतरले नाही. दर शुक्रवारी मी आयव्हीला तळलेला मासा नेऊन देत असे. ती मला चांगली मुलगी म्हणायची आणि तुझं नाव काढायची नाही. ती गेल्यावर मला पहिल्यांदा मोकळं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याची लाज वाटली. ती असेपर्यंत मी थांबले, हा भित्रेपणा आहे. त्याला दुसरं नाव नाही.

तुझं गाव मी घालवलं. तू नाही म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही. पण खरं कारण न सांगता बोलावत राहणं बरं नव्हे.

लोभ मागायचा मला आज हक्क नाही, तरी मागते.

हेझल

हल,
२० एप्रिल १९९७

प्रिय नॉर्मा,
नमस्कार.

सहा आठवडे झाले. पोस्टमन आता लांबूनच मान हलवून नाही म्हणतो. तू रागावली असशील तर तसं दोन ओळींत लिही. ज्युडिथला मी दोन पानं दिली, त्यात घड्याळ आणि जांभळा सूट आहे, बाकी काही नाही.

हेझल

डनीडिन,
४ मे १९९७

प्रिय हेझल,
आशीर्वाद.

रागावले नव्हते. तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. जेफ्री म्हणाला की एवढ्या कागदात त्याने बोटीची जाहिरात दिली असती.

टेबलाखालचा हात मला ठाऊक नव्हता. ते वाचून मी बराच वेळ बागेत बसले. बाकीचं ठाऊक होतं. स्कार्फ तू मुद्दाम धुतला असशील, हेही. तू तेव्हा उद्धटच होतीस, आणि मीही तशीच होते. आता माझं ऐक.

त्या गुरुवारी मी कामावर गेले नाही. दाढ दुखते असा निरोप पाठवला आणि गोदीवर गेले. बायकांनी गोदीवर निरोप द्यायला जायचं नाही, हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण मीही कॉफी पिणारीच होते ना. बोटी अरुंद दारातून नदीत निघतात तिथे, पेट्यांच्या ढिगाआड मी उभी राहिले. त्याची बोट इतक्या जवळून गेली की मला त्याच्या हातातला दोर दिसत होता. त्याने मला पाहिलं. मी हात हलवला. एकदा नव्हे, बोट पार होईपर्यंत हलवत राहिले.

निघणाऱ्याला हात हलवला तर तीच लाट त्याला घेऊन जाते, हेही त्याच शेंबड्या पोराला ठाऊक असतं. डेरेकने हात उचलला नाही. त्याने तोंड फिरवलं. त्याचं मी शेवटचं पाहिलं ते हे, फिरवलेलं तोंड.

म्हणून आयव्ही ओरडली तेव्हा मी गप्प राहिले. तुला वाचवायला नव्हे, तेवढी मी चांगली नाही. मला वाटलं, बाई कापडाचं बोलते आहे पण माणूस बरोबर पकडला आहे. तुझ्यामुळे मी गाव सोडलं नाही. मला त्या नदीचं पाणी बघवत नव्हतं. आणि हे मी तुला आधी लिहिलं असतं तर तुझे इतके शुक्रवार वाचले असते. तेव्हा भित्रेपणाच्या बाबतीत तू एकटीने मिरवू नकोस.

एका माणसाला बुडवायला दोघी बहिणींनी एवढी मेहनत घेतली असं आपण धरून चाललो, आणि त्या रात्री वारा किती होता हे कधी कोणाला विचारलं नाही. मी परवा जेफ्रीला विचारलं. तो मासेमारीच्या धंद्यातला. तो म्हणाला की जानेवारीत त्या पाण्यात डेकवर बर्फ साचतो आणि माणसं जातात. एवढंच म्हणाला आणि चहा ठेवायला गेला.

मी जूनमध्ये येते आहे. तिकीट काढलं. एक अट आहे. मी परत निघेन त्या दिवशी तू माझी चादर धुवायचीस, आणि फाटकात उभी राहून मी वळेपर्यंत हात हलवायचास. कबूल असेल तरच खाट घालून ठेव.

माया कमी पडली तर आल्यावर हिशेब करू.

तुझी,
नॉर्मा

हल,
२७ जून १९९७, दुपार

प्रिय नॉर्मा,
स. न. वि. वि.

तू निघून चार तास झाले. अजून तू लंडनच्या विमानतळावरच असशील, तरी लिहायला बसले, कारण हाताला दुसरं काम सुचत नाही.

प्रदर्शनात काचेच्या पेटीतलं ते घड्याळ बघून तू ज्युडिथला सांगितलंस की पेटी उघड, हे उलटं करायचं असतं, आणि तिने खरंच उघडली. तिने मला नंतर विचारलं की तुमची बहीण नेहमी अशीच का. मी हो म्हटलं. संध्याकाळी आपण गोदीवर गेलो. गोदीत आता पाणीच नाही, नुसता गाळ आणि गवत. ते बरं झालं.

टॅक्सी वळेपर्यंत मी हात हलवला. शेजारची पाहत होती. आपल्याहून दहा वर्षांनी मोठी, इथलीच. ती तोंडावर हात ठेवून आत गेली. मग मी चादर धुतली. तीन वेळा नळ उघडला आणि बंद केला, पण शेवटी धुतली. उशीचा अभ्राही, तू सांगितला नव्हतास तरी. आता दोरीवर आहे, वारा चांगला आहे, आणि मी स्वयंपाकघराच्या लाकडी टेबलावर दोन्ही हात ठेवून हे लिहायला बसले होते. मग एक उचलावा लागला.

रेडिओ बंद ठेवला आहे. तू फोन करू नकोस, तुला ऐकू येणार नाही आणि मला बोलता येणार नाही. फाटकात सांगितलं तसे उतरल्या उतरल्या चार शब्द टाक.

लोभ आहे. वाट पाहते.

हेझल

ऑकलंड विमानतळ,
२९ जून

हेझल,

फाटकात चार शब्द मागितलेस. मी कोरडी पोचले गं.

मागच्या काचेतून मीही हात हलवत होते. तू पाहिलं नसशील, तू डोळे पुसत होतीस.

नॉर्मा