डावीकडं धरायची सवय

आबा, राग आलाय तुमच्यावर, आणि राग काढायला तुम्ही जागेवर नाही, म्हणून लिहायला बसले. अक्षर लागलं नाही तर मला बोलू नका. जत्रेमागून जत्रा, उरुसामागून उरूस असं फिरवत माझी शाळा तुम्हीच चौथीत सोडवलीत. फुगे फोडायच्या गाड्यावर पोरगी हाताशी पाहिजे होती तुम्हाला. त्या गाड्यानं माझं काय करून ठेवलंय ते मला आत्ता या वयात कळलं, तेही अमेरिकेत, उंदरांपायी.

उंदीर म्हणजे आपल्याकडचे घरातले नाहीत. मांजर यांना बघून वाट बदलतं. शुगर लँडच्या बाहेर, गावाची हद्द संपते तिथं हे आणि मी जागा घेतली होती. हे हॉटेलात आचारी होते, मी मागं गवार, कारली, दोडका लावायची. हे गेल्यावर मी कोंबड्या पाळल्या. मराठी घरातल्या बायका गाड्या घेऊन येतात, मावशी गवार आहे का, मावशी अंडी ठेवा म्हणतात, माझं बरं चाललंय. पण खुराड्याखाली उंदरांनी बिळं केली. अंडी पळवतात, पिल्लं ओढतात. विष घालावं तर शेजारच्या म्हाताऱ्याचं कुत्रं माझ्याकडंच पडलेलं असतं. उंदीर धरायचा चिकट पुठ्ठा ठेवला तर त्यात माझीच कोंबडी पाय अडकवून बसली, तेल लावून लावून सोडवली.

तुमची नात लांब पार्सिपनी शहरात असते. इथंच जन्मली, विम्याच्या कंपनीत मोठं काम करते. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, तरी आमचं भांडण व्यवस्थित होतं. उन्हाळ्यात आली आणि तिच्या देखत एक उंदीर पायरीवरून आरामात चालत गेला. झालं. म्हणाली, आई, मी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला परत येईन, तोवर हे गेले नाहीत तर कोंबड्या देऊन टाकायच्या, जागा विकायची, आणि माझ्याकडं यायचं. मीही रागात बरं म्हणाले. तिचं घर चांगलं आहे हो, पण मातीला हात लावायचा तर कुंडी. तिथं मी काय करणार, खिडकीत बसून वाळणार. म्हणून ठरवलं, छर्‍याची बंदूक घ्यायची. ती मला येते. जत्रेत मी किती फुगे फोडले असतील त्याचा हिशेब तुम्हालाही नसेल.

पोरीला फोनवर सांगितलं तर तिनं मला न विचारता एक मागवून पाठवली. खोक्यावर लिहिलेलं, सगळ्यात वेगवान. नळी बिजागरीतून खाली मोडून स्प्रिंग दाबायची तर पोटाचा जोर लावावा लागायचा, आणि चाप ओढला की अशी उसळायची जशी दोर तोडलेली रेडी. वर दुर्बीण होती, ती चार दिवसांत खिळखिळी झाली. शेजारचा म्हातारा सशांच्या आणि खारींच्या शिकारीला जातो, तो बघून हसला. म्हणाला, मॅम, स्प्रिंगची बंदूक आधी मागं धक्का देते आणि लगेच पुढं, त्यात साधी दुर्बीण टिकत नाही. आणि वेग घेऊन काय करायचा, छर्रा दर वेळी एकाच जागी जायला पाहिजे. जेवढ्या लांबून बाटलीचं टोपण चुकत नाही, तेवढं आपलं अंतर. त्याच्यापुढं जनावर असलं तर हात खाली. नुसतं जखमी करून सोडायचं नाही. हे त्याचं मला पटलं.

ती परत पाठवली आणि मी स्वतः दुकानात गेले. तिथल्या माणसानं आधी गॅसच्या, पंपाच्या दाखवल्या. मला नको होत्या. नळी मोडली, छर्रा घातला, मिटली, मारला, एवढंच पाहिजे होतं. मग त्यानं स्प्रिंगच्या काढल्या. मी काय करावं? तुमच्यासारखी नळी मोडली आणि बंदूक कानाला लावली. तुम्ही जुन्या बाजारात अशीच ऐकायचा, स्प्रिंग कुरकुरते का, वायसर सुकलाय का. माणूस बघत राहिला, बाई बंदुकीशी फोनवर बोलतेय म्हणून. दोन कुरकुरल्या, त्या परत ठेवल्या. तिसरी मऊ गेली. फार जोराची नाही, जरा जड, चाप लोण्यासारखा, आणि नेम धरायला नळीच्या टोकाला दाणा आणि मागं खाच, दुर्बिणीची भानगड नाही. तीच घेतली. त्यानं छर्‍यांचे वेगवेगळे डबे दिले, म्हणाला, सगळे मारून बघा, प्रत्येक नळीला आपला छर्रा आवडतो. घ्या, आता बंदुकीचेही जेवणाचे नखरे.

घरी आणून पहिल्यांदा काय केलं, तर तुमच्या पद्धतीनं नळीमागच्या भोकातून शिलाई मशीनचं तेल सोडलं. तुमचा वायसर चामड्याचा होता, तेल पिऊन मऊ राहायचा. हिचा चामड्याचा नाही, हे मला कोण सांगणार. चाप ओढला तर असा बार झाला की कोंबड्या कुंपणावर, नळीतून धूर, आणि शेजारचा म्हातारा पायात बूट न घालता धावत आला. तेल आत पेटलं म्हणे. पुसून पुसून, मारून मारून ते जाळलं. ती पहिली शिवी तुमच्या नावानं दिली.

मग मातीच्या ढिगाला कागद लावून मारायला लागले. धरायचं कसं ते मला सांगावं लागलं नाही. घट्ट आवळू नको, तळहातावर ठेव, झोपलेल्या पोराचं डोकं धरल्यागत, तिला हवं तसं हलू दे, हे तुम्ही माझ्या कानात इतकं भरलंय की हात आपोआप ढिला पडतो. सगळे डबे मारून बघितले, एका छर्‍यानं भोकं एकमेकांना चिकटून पडायला लागली. पण कुठं? काळ्या ठिपक्याच्या डावीकडं. दर वेळी. संध्याकाळी उंदीर निघाले की छर्रा त्यांच्या डावीकडं मातीत, आणि ते माझ्याकडं बघून बिळात. थँक्सगिव्हिंग जवळ आलं. पोरगी फोनवर विचारायची, एनी लक, आणि मी फोन ठेवून द्यायची.

चिडून बंदूक दुकानात नेली. त्याच्याकडं मागं मारायची जागा आहे. त्यानं उभं राहून मारली, बरोबर मधोमध. परत मारली, मधोमध. मग माझ्या हातात दिली. मी मारली, सगळी भोकं डावीकडं, एका नाण्याखाली झाकतील अशी. त्यानं कागद उजेडात धरला आणि म्हणाला, "मॅम, बंदूक चांगली आहे. तुम्हीही चांगल्या आहात. फक्त दुसरंच काहीतरी मारताय."

गाडीत बसले आणि कळलं. गाडी चालूच केली नाही. समोर तुमचा फळा दिसायला लागला, लाल पिवळे फुगे, पेट्रोमॅक्सचा फुसफुस आवाज. जत्रा सुरू व्हायच्या आधी तुम्ही पक्कड घेऊन बसलाय, नळीच्या टोकाचा दाणा हळूच डावीकडं वाकवताय, डोळा लावून बघताय, परत जरा वाकवताय. मला सांगताय, गिऱ्हाइकाचा छर्रा उजवीकडं जाणार, तू फुग्याच्या डावीकडं धर. आणि मला फ्रॉक घालून पुढं उभी करताय. मी फोडतेय पटापट. तुम्ही ओरडताय, एवढीशी पोर फोडती, आणि तुम्ही मिशा ठेवून बघत बसा. मिशावाले पुढं येतायत, चुकतायत, बंदुकीला शिव्या देतायत. तुम्ही मान हलवून म्हणताय, "बंदूक बरोबर हाय पाव्हणं, सराव पाहिजे."

एकदा सुट्टीवर आलेला फौजी होता, आठवतो का? बायकोसमोर चुकत होता, कान लाल झालेले. मला कीव आली आणि मी हळूच सांगितलं, डावीकडं धरा. त्यानं सगळी रांग फोडली. तुम्ही गाडा आवरताना म्हणालात, पोटावर पाय देतीस व्हय. मग मला भेळ आणून दिलीत आणि स्वतः खाल्ली नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणजे माझा डोळाच तुमच्या पकडीनं वाकवलेला. एवढी वर्षं मला वाटत होतं, बापानं घर दिलं नाही, शाळा दिली नाही, पण नेम दिला. तोही वाकडा. स्टिअरिंगवर हात आपटले मी. घरी येऊन शेजारच्या म्हाताऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, सवय मोडा, रोज सरळ धरून मारा, महिनाभरात जाईल. महिना कुठून आणू? आणि या वयात सरळ धरायला शिकू? मी मागच्या खाचेचा स्क्रू फिरवला आणि चांगली सरळ बंदूक उजवीकडं वाकडी करून घेतली. मग कागद लावला. तुमच्या फुग्याच्या डावीकडं धरायची तशी धरली. मधोमध.

त्यानंतर मी उंदीर टिपत गेले, जवळून, मागं मातीचा ढीग बघून. म्हाताऱ्यानं बिळं बुजवायला मदत केली. पोरगी आली, संध्याकाळी माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसली, फोनसुद्धा काढला नाही. बराच वेळ काहीच आलं नाही. मग शेवटचा थोराड होता तो खुराड्याच्या कोपऱ्यात निघाला. मारला. ती म्हणाली, ओके आई. जागेचं नाव परत काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला हौस आली. नेमासाठी रिकामा डबा ठेवला, तिला तळहातावर धरायला शिकवलं, चांगलं धरते पोरगी, हात तुमच्यावर गेलाय. मारला, उजवीकडं गेला. परत मारला, उजवीकडं. अर्धा डबा छर्रे संपवले. शेवटी बंदूक खाली ठेवून म्हणाली, "आई, धिस थिंग इज क्रुकेड."

मी तिच्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "बंदूक बरोबर आहे. सराव पाहिजे."

ती पार्सिपनीला एकटी परत गेली. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, छर्‍यांच्या डब्याखाली ठेवते. तुमच्यावरचा राग गेलेला नाही. पण स्क्रूचं मी तिला अजून सांगितलं नाही, आणि आबा, ते वाक्य म्हणताना मला मजा आली.